बागेतलं द्राक्ष आणि बाटलीवरचं लेबल

आजचा सांगली जिल्हा १९४९ ते १९६० या काळात ‘दक्षिण सातारा’ या नावानं ओळखला जात होता, हे आता जुन्या मंडळींनाच आठवत असेल. त्याआधी तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. पुढे नकाशावर रेघ ओढली गेली, पण माणसं तीच, कृष्णामाई तीच, आणि पूर्वेकडचा दुष्काळही तोच. या दुष्काळी पट्ट्यात द्राक्ष कसं आलं, कसं फोफावलं आणि त्याच्या पिकाचं मोल शेवटी कुणाच्या पदरात पडलं, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

निमित्त आहे ते काही शब्दांचं. ‘सेंद्रिय’, ‘जैविक’ आणि अलीकडे ‘बायोडायनॅमिक’ हे शब्द वाइनच्या बाटल्यांवर आणि सुक्या मेव्याच्या पाकिटांवर दिसतात. गिऱ्हाईक ते वाचतं आणि दोन पैसे जास्त मोजतं. मी तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात बागायतदारांशी बोलतो, तेव्हा हे शब्द त्यांनाही ठाऊक असतात. पण ते हसून विचारतात, “ते दोन पैसे आमच्यापर्यंत येतात का?” हा प्रश्न साधा वाटतो. त्याचं उत्तर मात्र शंभर वर्षांच्या इतिहासात शोधावं लागतं.

पानं मोजणारी शाळा

महाराष्ट्रात द्राक्ष जुनं आहे. नाशिक-पुण्याकडे भोकरी, फकडी, साहेबी अशा जाती होत्या. बियांची, नाजूक, जवळच्या बाजारापुरती द्राक्षं ती. बिनबियांचं थॉमसन सीडलेस आलं आणि चित्र पालटलं. मूळ मध्यपूर्वेकडची ही जात. कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसन नावाच्या बागायतदारानं ती एकोणिसाव्या शतकात रुजवली म्हणून हे नाव. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतल्या थॉमसनमधून एक वेल निवडून वाढवला. ‘तास-ए-गणेश’ या नावानं ती जात देशभर गेली. नावात तासगावही आहे आणि गणेशही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून नव्हे, शेतकऱ्याच्या नजरेतून आलेली ही जात आहे, हे मी मुद्दाम सांगतो. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ दिली, तीही अशीच.

ही नजर तयार होण्यामागे एका माणसाचा मोठा वाटा आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर. घराणं साताऱ्याचं, विषय गणित, आणि व्यसन शेतीचं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे हे थोरले बंधू. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाची एक चळवळ उभी केली. तिला ना इमारत, ना पगारी नोकर. शेतकऱ्यानं आपल्या बागेत प्रयोग करायचा, त्याची नोंद ठेवायची, ती पत्रानं कळवायची, आणि दुसऱ्याच्या प्रयोगावरून आपण शिकायचं. द्राक्ष बागायतदार या परिवारात मोठ्या संख्येनं होते.

दाभोलकरांचा मुद्दा गणिती होता. झाडाच्या सुक्या वजनाचा फारच थोडा भाग जमिनीतून येतो. बाकी सगळं हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांतून पानं तयार करतात. म्हणजे पान हा कारखाना. मग आधी मोजायचं काय? तर खताची पोती नव्हे, पानं! एका काडीवर किती पानं, त्यांतल्या किती पानांवर ऊन पडतं, आणि तेवढी पानं किती घड पोसू शकतात. जास्त घड ठेवले तर साखर भरत नाही, पानं दाट झाली तर खालची पानं कामाविना बसून खातात आणि वर रोगाला आमंत्रण देतात. दहा गुंठ्यांतही एक कुटुंब नीट जगू शकेल, असा त्यांचा दावा होता. तो सगळीकडे खरा ठरला असं नाही. पण मोजायची सवय मात्र लागली. २००१ साली दाभोलकर गेले. तासगावकडचा जुना बागायतदार मांडवाखाली उभा राहून आजही पानांचा हिशेब सांगतो, तेव्हा ती शाळा अजून भरते आहे असं मला वाटतं.

१९२४ सालच्या दोन गोष्टी

आता जरा दूर जाऊ. १९२४ च्या जून महिन्यात, तेव्हा जर्मनीत आणि आज पोलंडमध्ये असलेल्या कोबेरविट्झ या गावी रुडॉल्फ स्टायनर नावाच्या ऑस्ट्रियन विचारवंतानं शेतीवर आठ व्याख्यानं दिली. रासायनिक खतं वापरायला लागल्यापासून माती आणि बियाणं बिघडत चाललं आहे, अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार होती. शेत म्हणजे एक जिवंत शरीर आहे, त्यात जनावर, माती, पीक आणि आकाश यांचं नातं आहे, असं स्टायनरनं मांडलं. बायोडायनॅमिक शेतीचा उगम हा. तिची सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे शिंगखत. दुभत्या गाईचं शेण गाईच्या शिंगात भरून थंडीच्या आधी जमिनीत पुरायचं, थंडी सरल्यावर काढायचं. एकराला जेमतेम पंचवीस ग्रॅम. ते तेरा ते पंधरा लिटर पाण्यात तासभर, एकदा उजवीकडून एकदा डावीकडून, घुसळायचं आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचं. जोडीला चंद्राच्या आणि राशींच्या गतीवर बेतलेलं पंचांग.

आणि त्याच १९२४ साली इंदूरला सर आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं एक शेती संशोधन संस्था सुरू केली. पालापाचोळा, शेण आणि गोमूत्र यांतून उत्तम कंपोस्ट बनवायची ‘इंदूर पद्धत’ त्यानं तिथं बसवली. हिंदुस्थानातला शेतकरी हा आपला गुरू, असं तो उघडपणे म्हणे. जगातल्या सेंद्रिय शेतीचा एक पाया असा आपल्या शेजारच्या माळव्यात घातला गेला. पुढे १९९० च्या दशकात न्यूझीलंडचे पीटर प्रॉक्टर भारतात आले, तेही आधी इंदूरलाच. त्यांनी गावोगाव फिरून शिंगखत आणि शेणखड्डे करायला शिकवलं. भारतात बायोडायनॅमिक शेती पसरली ती प्रामुख्यानं त्यांच्यामुळे.

युरोपात या पद्धतीला खरी प्रतिष्ठा मिळाली ती वाइनच्या बागांतून. फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातले निकोला जोली हे आधी बँकेत नोकरी करत. घरच्या बागेत परतल्यावर त्यांनी १९८० च्या दशकात ती संपूर्ण बायोडायनॅमिक केली आणि जगभर तिचा प्रचार केला. बर्गंडीतल्या अतिशय महागड्या बागाही या वाटेनं गेल्या. ‘डिमीटर’ हा बायोडायनॅमिक मालाचा शिक्का तर १९२८ पासूनचा आहे.

शिंगात नेमकं काय घडतं? माझी वृत्ती इथं जरा हात राखून बोलण्याची आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून शेजारशेजारच्या तुकड्यांवर रासायनिक, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक अशा तिन्ही पद्धतींची तुलना चालू आहे. एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक तुकड्यांत उत्पन्न सुमारे २० टक्के कमी आलं, पण माती अधिक जिवंत राहिली आणि बाहेरून घालायच्या खतांचा खर्च खूपच उतरला. ते प्रयोग गहू, बटाटा अशा पिकांवरचे आहेत, द्राक्षावरचे नाहीत. पण शेण, कंपोस्ट, फेरपालट आणि शेतकऱ्याची रोजची नजर यांना फळ मिळतं, इतकं त्यातून नक्की कळतं. चंद्राचा वाटा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दोन छाटण्या, एक पीक

आपल्या बागायतदाराची अडचण वेगळीच आहे. युरोपात थंडीत बर्फ पडतं, वेल पानं टाकून चार महिने झोपतो. शिंगखताचं आणि पंचांगाचं सगळं वेळापत्रक या झोपेवर बेतलेलं आहे. आपला वेल झोपतच नाही. म्हणून आपण त्याला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यातून घड येतात. दोन छाटण्या आणि पीक एकच. जगाच्या द्राक्षशास्त्रात ही आपली खास रीत आहे.

ऑक्टोबरची छाटणी झाली की कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस येतो. पाठोपाठ दावण्या येतो, भुरी येते, करपा येतो. दावण्या हा असा रोग की दोन दिवस ढग राहिले आणि फवारणी चुकली, तर अख्खा बहर हातचा जातो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटेना, तेव्हा सांगली आणि नाशिकच्या आगाप छाटलेल्या बागा अशाच गेल्या. एकरी लाखो रुपये मांडवाला, ठिबकला, मजुरीला घातलेले असतात. त्या रात्री शेतकरी फवारणीचा ट्रॅक्टर काढतो, तेव्हा त्याला सेंद्रिय शेतीवर व्याख्यान देणं सोपं आहे, ऐकणं अवघड.

गंमत अशी की या रोगावरचं सर्वांत जुनं औषध सेंद्रिय शेतीलाही चालतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या निळसर वेलांवर दावण्या पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्यानं बोर्डो मिश्रणाची कृती जाहीर केली. आपल्याकडे आजही शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना हे प्रमाण बागायतदाराला तोंडपाठ आहे. पण तांबंही मातीत साठतं. म्हणून युरोपात आता सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं घालता येत नाही. म्हणजे ‘सेंद्रिय’ या शब्दाचा अर्थ ‘काहीच फवारलं नाही’ असा नाही. काय फवारायचं याची यादी तेवढी वेगळी आहे. गिऱ्हाइकाला हे क्वचितच सांगितलं जातं.

मग बदललं काय?

प्रयोग परिवारात पानं मोजायला शिकलेला शेतकरी पुढे मण्याचे मिलीमीटर मोजायला लागला. बाजारानं त्याला ते शिकवलं. थॉमसनचा मणी मुळात लहान, लंबगोल. दिल्ली-कोलकात्याच्या व्यापाऱ्याला मोठा हवा. युरोपातल्या दुकानदाराला सोळा-अठरा मिलीमीटरचा हवा. मग जिबरेलिक अ‍ॅसिडच्या द्रावणात घड बुडवायचे, विरळणी करायची, फुटीची वाढ रोखायला क्लोरमेक्वाट फवारायचं. शेतकरी त्याला ‘लिहोसिन’ म्हणतात.

१९९१ मध्ये सहकारी संस्थांना एकत्र आणून ‘महाग्रेप्स’ उभी राहिली आणि महाराष्ट्राचं द्राक्ष युरोपात जाऊ लागलं. ही मोठीच कामगिरी होती. पण २००३ साली तिथं औषधांचे अंश सापडले आणि माल अडला. त्यातून आपण शिकलो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली अंशांची तपासणी सुरू झाली. २००६ पासून ‘ग्रेपनेट’ आलं. लंडनच्या दुकानातल्या पेटीवरून ती कोणत्या गावच्या कोणत्या बागेतली, हे आता सांगता येतं. तरीही २०१० च्या हंगामात ठेच लागलीच. या वेळी तेच क्लोरमेक्वाट. तपासायच्या रसायनांच्या यादीत तोवर त्याचं नावच नव्हतं. शेतकऱ्यानं शिफारशीप्रमाणे वापरलं, प्रयोगशाळेनं यादीप्रमाणे तपासलं, निर्यातदारानं प्रमाणपत्र घेऊन पाठवलं, आणि तोटा मात्र फिरून बागेत आला.

मला वाटतं, आपल्या द्राक्षाच्या इतिहासातलं हे सर्वांत बोलकं वर्ष आहे. शब्द आणि शिक्के दुसरीकडे ठरतात. त्यांची किंमत मात्र मांडवाखाली चुकती होते.

वाइनचं स्वप्न

याच काळात आणखी एक वाट दिसत होती. वाइनच्या द्राक्षाला मणी मोठा लागतच नाही. उलट मणी लहान असेल तर रसाच्या मानानं साल जास्त, आणि रंग, वास, चव हे सगळं सालीत. उत्पन्न जरा कमी असलेलंच बरं. घड बुडवणं नको, आकाराची चढाओढ नको. कमी रसायनांत द्राक्ष घ्यायचं असेल, तर वाइन ही खरं म्हणजे सोयीची वाट होती.

नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रानं फेसाळ वाइन बनवली आणि ती परदेशी पाठवली. नाशिकला राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. सप्टेंबर २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. उत्पादन शुल्कात सूट दिली आणि दोन वाइन पार्क जाहीर केले: एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरं आपल्या पलूसला. किर्लोस्करवाडीच्या शेजारी, जिथं १९१० साली माळरानावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला, तिथंच आता वाइनचे कारखाने येणार म्हणून लोकांच्या आशा वाढल्या. पार्कला नावही ‘कृष्णा व्हॅली’ असं दिलं.

पण वाइनची राजधानी झाली ती नाशिक; पलूस नव्हे. याचं कारण माती किंवा हवा एवढंच नाही. दारूची जाहिरात करायला आपल्याकडे बंदी आहे. वाइन विकायची कशी? तर माणसाला बागेपर्यंत आणायचं. मांडव दाखवायचा, ओकची पिंपं दाखवायची, घोटभर चव द्यायची, मुक्कामाला खोली द्यायची. सुलानं २००५ मध्ये चव घेण्याचं दालन उघडलं, पुढे गाण्याबजावण्याचे महोत्सव भरवले. जिथं जाहिरात करता येत नाही तिथं बागच जाहिरात बनते, आणि मुंबईची मोटार तीन-चार तासांत पोहोचेल अशी बाग ती नाशिकची. तासगाव-पलूसला शनिवार-रविवारी कोण येणार?

आणखी एक गोष्ट. वाइनचं द्राक्ष दुसऱ्या कशाला उपयोगी नाही. बारीक, बियांचं, ते खायला कुणी घेत नाही. २००८ मध्ये जगभर मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइन तळघरात साठली. कारखान्यांनी द्राक्षं घेणं थांबवलं आणि नाशिककडच्या कित्येक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा मुळापासून उपटल्या. नारायणगावचा तो जुना नावाजलेला उद्योगही कर्जात बुडून बंद पडला. सांगलीच्या शेतकऱ्यानं वाइनकडे जरा सावधपणे पाहिलं, त्याचं कारण त्याच्याजवळ बेदाणा होता. भाव पडला तर माल शेडवर नेता येतो. वाइनच्या द्राक्षाला शेड नाही.

तिसरी गोष्ट समाजाची. सातारा-सांगली हा वारकऱ्यांचा, सत्यशोधकांचा मुलूख. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी व्यसनमुक्तीसाठी ‘परिवर्तन’ ही संस्था काढली. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्के मारले, आणि २००८ च्या आदेशानं त्या मतदानाची रीत पक्की झाली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा ‘शेतकऱ्याचं भलं’ आणि ‘घराघरात बाटली’ असे दोन पक्ष पडले, आणि निर्णय अडकून राहिला. दोन्ही बाजू शेतकऱ्याचं नाव घेत होत्या. पण ७५० मिलीलिटरच्या बाटलीत एक-सव्वा किलो द्राक्ष असतं. त्या सव्वा किलोचे किती आणि बाटलीचे किती, हा हिशेब त्या वादात फारसा कुणी मांडला नाही. एका थोरल्या भावानं द्राक्षाची शाळा चालवावी आणि धाकट्यानं बाटली सोडवण्याचं काम करावं, हे एकाच घरात घडलं. मला त्यात विरोध दिसत नाही. कसदार फळ पिकवायचं आणि माणसाचं घर मोडू द्यायचं नाही, या एकाच विचाराच्या त्या दोन बाजू आहेत.

बेदाण्याचा रंग

म्हणून सातारा-सांगलीच्या संदर्भात या साऱ्या शब्दांची खरी कसोटी मी बाटलीत नव्हे, बेदाण्यात पाहतो. कवठेमहांकाळच्या पुढे जुनोनीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेड दिसतात. हवा कोरडी, वारा भरपूर. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या थरांवर सावलीत पसरतात. बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो. मग त्याला गंधकाची धुरी देतात. ती कशासाठी? बरीचशी रंगासाठी. हिरवट-पिवळा, चकचकीत बेदाणा सौद्यात चढतो. तासगावच्या सौद्यात व्यापारी ओंजळभर माल घेऊन आधी रंग पाहतो, मग लांबी, मग चव. याच क्रमानं भाव ठरतो.

कुणी धुरीशिवाय, कमी औषधांत केलेला बेदाणा आणला तर तो तपकिरी दिसतो. चवीला उत्तम, पण सौद्यात मागे पडतो. म्हणजे सेंद्रिय शेतीची अडचण फक्त दावण्या नाही. आपले डोळेही आहेत. आपल्या घरी शिऱ्यात, श्रीखंडात, दिवाळीच्या भेटीच्या डब्यात पिवळाधमक बेदाणा हवा, आणि वर्तमानपत्रात विषमुक्त शेतीवरचा लेखही हवा. या दोन्ही इच्छा एकाच वेळी पुऱ्या करणं बागायतदाराच्या हातात नाही.

तो बदलायला तयार नाही असंही नाही. दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचं पीठ आणि दोनशे लिटर पाणी यांचं जीवामृत आज कित्येक बागांत ठिबकमधून जातं. काडीकचरा जाळण्याऐवजी वेलाच्या बुंध्याशी कुजवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं बुरशीला तोंड देणारी एआरआय-५१६ ही जात काढली आहे. ती रसाला, बेदाण्याला आणि लाल वाइनलाही चालते. पण प्रमाणपत्र मिळवायचं म्हणजे बहुवर्षीय पिकाला तीन वर्षं नियम पाळावे लागतात. त्या तीन वर्षांत उत्पन्न घटतं आणि भाव मात्र साधाच मिळतो. ज्याचं कर्ज दर मार्चला फिरतं, त्यानं ही तीन वर्षं कुणाच्या जिवावर काढायची?

इथं इतिहासाचा धडा उपयोगी पडतो. निकोला जोलींच्या बाटलीवर त्यांच्या बागेचं नाव असतं. म्हणून शिंगखताला, कमी उत्पन्नाला, जास्त मजुरीला मिळणारे जादा पैसे त्याच बागेत परत येतात. बायोडायनॅमिकचं यश चंद्रात असो वा नसो, ते या नावात नक्की आहे. आपला शेतकरी द्राक्ष देतो, बेदाणा देतो, पण नाव देत नाही. पेटीवर दलालाचं, पाकिटावर दुकानदाराचं, बाटलीवर कंपनीचं नाव असतं. २०१६ साली ‘सांगलीचा बेदाणा’ याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे नाव कायद्यानं आपलं झालं. ते पाकिटावर छापून गिऱ्हाइकापर्यंत नेण्याचं काम अजून बरंच बाकी आहे. २०१७ पासून सेंद्रिय खाद्यपदार्थांसाठी ‘जैविक भारत’ हा शिक्काही आहे. गावच्या सोसायटीनं, शेतकऱ्यांच्या कंपनीनं हे दोन्ही एकत्र आणले, बदलाच्या त्या तीन वर्षांची झळ वाटून घेतली, तर शब्दांचा पैसा मांडवापर्यंत पोहोचू शकेल. पत्रांतून एकमेकांना शिकवणारा प्रयोग परिवार ज्या मातीत उभा राहिला, तिथं हे अशक्य आहे असं मी मानत नाही.

आणि शहरातल्या श्रोत्यांसाठी एक छोटीशी गोष्ट. पुढच्या वेळी बेदाणा घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. हा कुठल्या गावचा? आणि बिनधुरीचा, तपकिरी मिळेल का? पहिल्यांदा तो नाही म्हणेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की व्यापाऱ्याला विचारील. व्यापारी पुढच्या सौद्याला तपकिरी माल हातात घेऊन जरा जास्त वेळ पाहील. तासगावच्या बागेत रसायनाचा एक फेरा कमी व्हायला त्याचा हातभार सभेतल्या भाषणापेक्षा जास्त लागेल.